मी, वादळमातेचा लाकडी डोंगर

मी एक जुना डोंगर आहे. हसू नका, मित्रांनो. मी खरोखरच डोंगर आहे, फक्त सागाच्या फळ्यांचा आणि एका टेबलावर मावेल एवढा. बडोद्यातल्या एका शाळेत, भूगोलाच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा आहे. माझ्या माथ्यावर बोराच्या बीएवढे देऊळ आहे, अंगावर हिरव्या लाखेची झिलई आहे आणि पायथ्याशी निळी नदी आहे. नवी मुले खोलीत आली की म्हणतात, "किती सुंदर!" हे शब्द ऐकले की मला अजून अपराधी वाटते. मी सुंदर आहे म्हणूनच सारे घडले.

थोड्या वेळाने त्यांतले एखादे मूल वाकून बघते आणि विचारते, "बाई, इथे भोक का आहे?" माझ्या कमरेवर, आठ-दहा इवल्या घरांच्या मधोमध, एक भोक आहे. त्या भोकाचीच गोष्ट मी आज सांगणार आहे.

खरा डोंगर बडोद्याच्या पूर्वेला आहे. त्याच्या माथ्यावर वादळमातेचे ठाणे आहे. चैत्रात आणि नवरात्रात तिथे जत्रा भरे. पुढे पुढे उन्हाळ्यातही बडोद्याची बरी परिस्थिती असलेली कुटुंबे वळकट्या आणि पाण्याच्या सुरया घेऊन तिथे जाऊ लागली, कारण वर गार वारा असे. दरवर्षी गर्दी वाढत चालली. पायथ्याशी बैलगाड्या एकमेकींत अडकत, धर्मशाळेत पाय ठेवायला जागा नसे, डोलीवाल्यांची भांडणे होत आणि म्हातारी माणसे अर्ध्या पायऱ्यांवरच हात जोडून परत फिरत. ती सयाजीराव महाराजांची कारकीर्द होती. राज्यात लहान रुळांच्या गाड्या गावोगाव धावू लागल्या होत्या. तेव्हा तशीच एक छोटी गाडी या डोंगरावरही न्यावी, मधे दोन-तीन स्टेशने करावीत, असे ठरले. आखणीचे काम जयवंतराव नावाच्या इंजिनियरांकडे आले.

जयवंतराव बडोद्यातच जन्मलेले, वाढलेले. घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती, अशी त्यांची जीभ दोन्हीकडे सरावलेली होती. त्यांना वाटले, कागदावरच्या रेषा पाहून मोठ्या लोकांना चढ कळत नाही. त्यांच्यापुढे डोंगरच ठेवावा. म्हणून त्यांनी सदानंद चितारी या कारागिराला बोलावून घेतले.

सदानंद सावंतवाडीचा. लाखेची खेळणी, चौरंग आणि गंजिफांचे गोल पत्ते रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नुकतीच त्याने बायकोसह बडोद्याची वाट धरली होती. तिचे नाव वत्सला. शहराच्या जुन्या भागात, वाडी म्हणतात तिथे, त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. माझे काम चांगले झाले तर सदानंदाला सरकारी कारखान्यात कायमची जागा मिळणार होती.

पहिल्याच दिवशी एक गंमत झाली. डोंगराचे नाव ऐकून सदानंद कचरला आणि म्हणाला, "रावसाहेब, जिथे एवढी वादळं होतात तिथे गाडी टिकेल का?" जयवंतराव पोट धरून हसले. म्हणाले, "अहो चितारी, इथे वादळ म्हणजे नुसता ढग. तुमच्या कोकणातलं छपरं उडवणारं वादळ नव्हे ते. ढगांची देवी आहे ती." सदानंदही हसला. शब्द तोच, पण गाव बदलले की अर्थ बदलतो, हे त्या दिवशी त्याला समजले होते. मित्रांनो, ते त्याच्या ध्यानात राहायला हवे होते.

मला कसे घडवले ते ऐका, म्हणजे तुम्हालाही एखादा डोंगर करता येईल. डोंगरावर सारख्या उंचीच्या जागा जोडत गेले तर एक वेडीवाकडी रेघ तयार होते. तशा खालपासून वरपर्यंत अनेक रेघा असतात. सदानंदाने प्रत्येक रेघेबरहुकूम एकेक फळी कापली आणि फळ्या एकावर एक बसवल्या. जिथे फळ्यांच्या कडा जवळजवळ आल्या तिथे खडा चढ, जिथे लांब गेल्या तिथे सपाटी. मग त्याने कडा घासल्या, खाचा भरल्या आणि लाख चढवली. नुसता डोळ्यांनी पाहिलात तर मी एक रंगीत खेळणे आहे. बोट फिरवलेत तर कुठे दम लागेल तेही मी सांगतो.

माझ्या कमरेवर दोन सपाट जागा आहेत, एकमेकींच्या शेजारी, मधे एक घळ. तिथे काय आहे ते सदानंदाला ठाऊक नव्हते. मोजणीच्या नकाशावर सारी नावे गुजरातीत होती आणि त्याला ती लिपी वाचता येत नव्हती. म्हणून कचेरीतला एक कारकून येऊन नकाशा वाचून दाखवू लागला. तो घाईत होता. एका जागेवर बोट ठेवून म्हणाला, "अहीं वाडी." दुसऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "अहीं फळियुं." सदानंदाने मान हलवली आणि माझ्यावर कोळशाने खुणा केल्या. कारकून नकाशा गुंडाळून निघून गेला.

सदानंदाने काहीच विचारले नाही. विचारावे असे त्याला वाटलेच नाही. वाडी म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला काय विचारायचे? कुंभारवाडी, सुतारवाडी, वाडी म्हणजे दहा-बारा घरे. त्याच्या गावाच्या नावातच वाडी होती आणि बडोद्यातही तो वाडीतच राहत होता, घराला घर लागलेल्या बोळात. आणि फळियुं? जिथे फळे, ते फळियुं. म्हणून पहिल्या खुणेवर त्याने पांगाऱ्याच्या लाकडाची इवली घरे बसवली. दुसऱ्या खुणेवर त्याने आंब्याची झाडे बसवली. एकेका झाडाला मुगाएवढे पिवळे आंबेही लावले. त्या आंब्यांचा त्याला फार अभिमान होता. मलाही होता.

मग एक दिवस मोठी माणसे माझ्याभोवती जमली. कुणी पगडीवाले, कुणी टोपीवाले. जयवंतरावांनी तांबडा रेशमी दोरा आणि टाचण्या घेतल्या आणि गाडी पायथ्यापासून कशी चढेल हे ते दाखवू लागले. इंजिनाला खडा चढ झेपत नाही, म्हणून वाट वळणे घेत घेत न्यावी लागते. माझ्या कमरेशी दोरा थांबला. तिथे मोठे वळण घ्यायला सपाट जागा हवी होती, आणि सपाट जागा दोनच. एकीवर घरे, दुसरीवर झाडे.

 दोरा हातात धरून जयवंतराव म्हणाले, "घरं नकोत. झाड पुन्हा लावता येतं. घर मोडलं की माणूस मोडतो." आणि त्यांनी दोरा आंब्यांच्या मधून नेला.

लोकांनी माना डोलावल्या. एक वृद्ध गृहस्थ म्हणाले की आखणी करणाऱ्याला असे काळीज असावे. त्या दिवशी त्या खोलीत एकही वाईट माणूस नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो, मित्रांनो, कारण अशा गोष्टीत तुम्ही दुष्ट माणूस शोधत बसता.

माझी कीर्ती पसरली. अक्षय्यतृतीयेला मला समारंभाने मांडायचे आणि सदानंदाला पागोटे द्यायचे असे ठरले. तिकडे डोंगरावर माणसे खुंट्या ठोकायला गेली.

सणाच्या आदल्या आठवड्यात वत्सला दुपारचा डबा घेऊन कारखान्यात आली. लहरीपुऱ्याच्या दरवाज्याजवळ तिने पन्ह्यासाठी कैऱ्या घेतल्या होत्या. माझ्या शेजारी सतरंजी टाकून दोघे जेवायला बसले. वत्सलेला इथली भाषा ऐकून हसायची सवय होती. तिने कैरीवालीची नक्कल सुरू केली.

"अहो, ती म्हणते कशी, 'आ मारी वाडीनी केरी छे, बेन.' मी म्हटलं, वाडीतली म्हणजे आमच्या शेजारचीच की तू. कुठल्या बोळात राहतेस? तर मलाच हसायला लागली. म्हणाली, 'वाडीमां कोण रहे, बेन? रहेवानुं तो फळियामां.'"

सदानंदाचा हात ताटातच राहिला.

"पुन्हा सांग."

"काय पुन्हा सांग? त्यांच्यात म्हणे बागेला वाडी म्हणतात आणि घरांच्या ओळीला फळियुं. मी म्हटलं, बाई गं, तुम्ही फळांत राहता आणि घरं खाता की काय."

वत्सला हसत होती. सदानंद माझ्याकडे बघत होता. त्याची नजर घरांवरून आंब्यांकडे गेली, आंब्यांमधून गेलेल्या तांबड्या दोऱ्याकडे गेली. मग वत्सलेनेही वळून पाहिले आणि तिचे हसू थांबले. ती हुशार होती. तिने एवढेच विचारले, "अहो, मग तिथे माणसं आहेत?"

त्याच दुपारी सदानंद उठून जयवंतरावांकडे जायला हवा होता. तो उठलाही. चपला घालून दारापर्यंत गेला. तेवढ्यात समोरून कारखान्याचे मुख्य आले, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जागेचे पक्के झाले असे सांगितले. सदानंद परत येऊन माझ्यापाशी बसला. त्याने वत्सलेला समजावले, की सण तोंडावर आहे, समारंभ होऊन जाऊ दे, आत्ता सांगितले तर सगळ्यांचाच फजितवाडा होईल, चार दिवसांनी काय बिघडते.  दुसऱ्या दिवसापासून वत्सला डबा दारातच ठेवून परत जाऊ लागली.

ते दिवस मला आठवतात. सदानंद रोज सकाळी येई आणि आंब्याच्या एका झाडाला बोट लावी. एकदा त्याने ते झाड उपटून काढले, मुठीत धरून बसला आणि पावले वाजताच पुन्हा घाईने खोचून ठेवले. तेव्हापासून ते झाड हलू लागले. मी बोलू शकत नव्हतो. माझ्यावर आंबे लावले म्हणून मी आंबे दाखवत होतो आणि पाहणारे वाहवा करत होते.

अक्षय्यतृतीयेला समारंभ झाला. सदानंदाच्या डोक्यावर पागोटे चढले. टाळ्यांच्या मधेच तो वाकून जयवंतरावांच्या कानाशी लागला आणि थोडा वेळ बोलण्यासाठी बाजूला चलावे अशी विनंती केली. जयवंतरावांना वाटले, हा आणखी काही मागतो आहे. म्हणाले, "चितारी, आज नको. आज नुसतं मिरवा." तो मिरवला. पाहुणे पांगल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जयवंतरावांना माझ्यापुढे उभे केले आणि ते हलणारे झाड उपटून त्यांच्या हातात दिले.

"रावसाहेब, इथे आंबे नाहीत. इथे फळियुं आहे."

जयवंतरावांना अर्थ समजवावा लागला नाही. ते बडोद्याचे होते. त्यांचा चेहरा आधी लाल झाला. ते म्हणाले, "एवढं तुम्हाला कळू नये? दहा पावलांवर कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. वादळाची गोष्ट विसरलात?"  मग जयवंतराव स्वतःशी बोलावे तसे हळू बोलले. "नकाशा माझ्याच कपाटात होता. फळियुं असं स्वच्छ लिहिलेलं. मी तो उघडलाच नाही. हा डोंगर बघायला सोपा होता ना." ते खाली बसले. "तुम्हाला वाचता येत नव्हतं, चितारी. मला येत होतं."

मी तेव्हा पहिल्यांदा माझ्या सुंदरपणाला शरमलो.

जयवंतरावांनी त्याच दिवशी काम थांबवण्याची तार केली. आणि मला घेऊन ते दोघे निघाले. आधी आगगाडीच्या डब्यात, मग गवत पसरलेल्या बैलगाडीत बसून मी माझ्या मोठ्या भावाला भेटायला गेलो. ज्या डोंगराचा आकार मी घेतला तो मी तेव्हाच प्रथम पाहिला. तो माझ्यासारखा गुळगुळीत नव्हता. त्याच्या कमरेवर, जिथे मी आंबे मिरवत होतो, तिथे कुडाच्या भिंतींची घरे होती आणि दारात कोंबड्या होत्या. अंगणांतून चुना लावलेल्या खुंट्यांची रांग गेली होती. एका जागी घर नव्हते. चूल होती, चुलीवर छप्पर नव्हते.

मला एका बाजेवर ठेवले. सारे फळियुं गोळा झाले. मंगळी नावाची म्हातारी, जिला सगळे डोसी म्हणत, पुढे आली. तिने मला नीट पाहिले, पायथ्याची नदी ओळखली, देवळाला हात जोडले. मग तिने आंब्याच्या झाडांवर बोट ठेवले आणि ती हसली. तिच्या बोलण्याचा अर्थ असा, की भाई, तुम्ही तर आम्हाला झाडावर राहायला लावले आणि आंब्यांना घर बांधून दिले.

कोणी हसले नाही. जयवंतरावांनी सगळ्यांसमोर सांगितले, की चूक आमची आहे, खुंट्या आजच काढतो, वळण पलीकडून, बागेतून नेऊ. डोसी म्हणाली की खुशाल न्या, आंबा पुन्हा लावू. जयवंतरावांनी जे बडोद्यात म्हटले होते तेच तिने म्हटले.

मग सदानंदाने त्या उघड्या चुलीकडे बोट दाखवून विचारले. ते घर डोसीच्या पुतण्याचे होते, रायजीचे. घरे वाटेत येतात हे वरच्यांना ठाऊकच असेल असे समजून खुंट्या ठोकणाऱ्यांनी सगळ्यांना पावसाळ्याआधी जागा सोडायला सांगितले होते. बाकीच्यांनी ऐकल्यासारखे केले आणि वाट बघत राहिले. रायजी सरकारी माणसाचा शब्द मानणारा होता. त्याने स्वतःच्या हातांनी घर उतरवले, वासे विकले आणि बायको-मुलांना घेऊन सावली नावाच्या गावाकडे मजुरीला निघून गेला.

"कधी गेला?" सदानंदाने विचारले.

"अखात्रीजने बीजे दहाडे," डोसी म्हणाली.

अखात्रीज म्हणजे अक्षय्यतृतीया. तिच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे इकडे सदानंदाने जयवंतरावांच्या हातात झाड दिले, त्याच सकाळी तिकडे रायजी डोंगर उतरत होता. आदल्या आठवड्यात, कैऱ्यांच्या दुपारी, सदानंद दारातून परत फिरला नसता तर तार वेळेवर पोचली असती.

सदानंदाने डोक्यावरचे पागोटे काढून बाजेवर ठेवले. ते पुन्हा घातलेले मी कधी पाहिले नाही.

परत आल्यावर त्याने मला दुरुस्त केले. आंबे काढले, पलीकडे लावले. घरे काढली, अलीकडे बसवली. तांबडा दोरा बागेतून नेला. शेवटी एक घर हातात उरले आणि एक भोक उरले, त्या हलणाऱ्या झाडाचे. जयवंतराव म्हणाले, "बसवा ना तेही." सदानंद म्हणाला, "रायजी परत आला की बसवीन." त्या घराचे बूड त्याने भोकाच्या मापाचे केले, माझ्या तळाशी एक छोटा खण केला आणि ते घर त्यात ठेवले.

तो आणि वत्सला सावलीला जाऊन आली. एकदा नाही, अनेकदा. शेतांच्या बांधांवरून त्यांनी रायजीची चौकशी केली. त्या नावाची माणसे भेटली, पण डोंगरावरचा रायजी भेटला नाही. मजुरीला निघालेले कुटुंब एका गावी थांबत नाही. वत्सलेला मात्र तोवर चांगली गुजराती येऊ लागली होती. आता ती कुणाची नक्कल करत नसे. एखादा शब्द अडला की तिथेच थांबून विचारत असे, "म्हणजे काय, बेन?"

आणि गाडीचे काय झाले? त्याच सुमारास परदेशात मोठी लढाई पेटली. विलायतेहून रूळ येईनात, इंजिने येईनात. काम पुढच्या वर्षावर गेले, मग त्याच्या पुढच्या. शेवटी आखणीचे कागद बांधून ठेवले गेले आणि मला या शाळेला देऊन टाकले. डोंगरावर गाडी गेलीच नाही. बागेतला एकही आंबा तुटला नाही. फळियुं जिथल्या तिथे राहिले. सगळे जसेच्या तसे आहे, एक घर सोडून.

मी अनेक वर्षे अडगळीत होतो. उंदरांनी माझ्या पायथ्याची नदी कुरतडली. मग इथल्या निरुपमाबाईंनी मला बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि या खिडकीखाली ठेवले. त्यांनी खण उघडला, घर पाहिले आणि फळियातल्या त्या भोकाकडेही पाहिले. भोक बुजवण्यासाठी त्यांनी लाख मागवली होती. तेव्हा सदानंद, आता पिकलेल्या केसांचा, शाळेत आला. ते दोघे माझ्यापाशी बराच वेळ बोलले. लाखेची डबी तशीच परत गेली.

मित्रांनो, माझी काळजी घ्या. माझ्यावर दौत ठेवू नका, माझे देऊळ नखाने उचकटू नका, पावसाळ्यात खिडकी लावून घ्या. पुढे तुमच्यातले कुणी रस्ते आखतील, कुणी पूल बांधतील. तेव्हा तुमच्यापुढेही माझ्यासारखा एखादा देखणा डोंगर ठेवला जाईल. त्याच्यावर दोरा ओढण्याआधी खऱ्या डोंगरावर जा आणि तिथल्या माणसांना त्यांचेच शब्द विचारा. आणि चूक कळली तर सण होऊन जायची वाट पाहू नका.

आणखी एक मागणे आहे. तुमच्यापैकी दयाळू मुले खण उघडतात, ते इवले घर काढतात आणि भोकात बसवून बघतात. ते तिथे अगदी नेमके बसते. फट राहत नाही, हलत नाही, आणि मग मी पूर्ण दिसतो. बघणाऱ्याला वाटते, इथे काही झालेच नाही.

म्हणून सांगतो, ते घर पाहून झाले की परत खणात ठेवा.